पेवातला व्होल्ट

आलेखावरच्या एका तुकड्यावर पेनाचं टोक ठेवून सर म्हणाले, "एवढं काढून टाक."

मी विचारलं, "का?"

पुण्याच्या त्या संस्थेत पीएच.डी. करणाऱ्या मुलीनं आपल्या मार्गदर्शकाला असं तोंडावर विचारायची पद्धत नव्हती. मी मलकापूरहून 'काऊन' विचारायची सवय घेऊन आले होते. पाच वर्षांत 'काऊन'चं 'का' झालं होतं, पण सवय गेली नव्हती.

"कारण तिथं बोर्ड चुकलेला नाही, तुझं मोजमाप चुकलंय," सर म्हणाले. "खोलीतला एसी चालू-बंद झाला असेल. कुणी दार उघडलं असेल. अवकाशात एसी नसतो. काढून टाक, आलेख स्वच्छ दिसेल."

"दार कुणी उघडलं नव्हतं. मी नोंद ठेवली आहे."

त्यांनी पेन खिशाला लावलं. "अहवाल शुक्रवारी जायचाय," एवढंच म्हणाले.

आम्ही करत काय होतो ते सांगायला हवं. फार दूरवर दोन कृष्णविवरं एकमेकांभोवती फिरत फिरत एकमेकांत कोसळतात तेव्हा अवकाशच किंचित ताणलं जातं आणि आखडतं. ती लाट पसरत पसरत आपल्यापर्यंत येते. जमिनीवर बसवलेल्या यंत्रांना अशा लाटांतली जलद थरथर कळते. पण काही लाटा फार मंद असतात. एक हेलकावा पुरा व्हायला पाव तास, कधी तासभर लागतो. त्या जमिनीवर कधीच कळणार नाहीत, कारण जमीन स्वतःच कधी गप्प बसत नाही. म्हणून अवकाशात तीन यानं सोडायची, एकमेकांपासून लाखो किलोमीटरवर, आणि त्यांच्यामधलं अंतर लेझरनं मोजत राहायचं. प्रत्येक यानाच्या पोटात मुठीएवढा धातूचा ठोकळा असतो. तो कशालाही टेकलेला नसतो. यानच त्याला धक्का न लावता त्याच्याभोवती स्वतःला सावरत जातं.

पण ठोकळा गिरकी घेऊ लागला किंवा बाजूला सरकू लागला, तर त्याला जागेवर आणावं लागतं. हात लावायची सोय नाही. मग भोवतीच्या सोनं चढवलेल्या पट्ट्यांवर थोडे व्होल्ट द्यायचे. स्थिर विजेच्या ओढीनं ठोकळा हवा तेवढाच हलतो. ती ओढ इतकी बारीक असते की कापसाच्या एका तंतूचं वजनही तिच्यापुढं डोंगर वाटावं. आणि हे व्होल्ट डोलता कामा नयेत. व्होल्ट डोलला की ओढ डोलते, ओढ डोलली की ठोकळा डोलतो, आणि पृथ्वीवर बसलेल्या माणसाला वाटतं, लाट आली.

ते व्होल्ट देणारा बोर्ड बनवणं आणि तो डोलत नाही हे मोजून दाखवणं, यात माझी पाच वर्षं गेली. मोहीम परदेशातल्या एका मोठ्या गटाची होती, अजून कागदावरचीच. आमच्या वाट्याला तिच्यातला हा लहानसा तुकडा आला होता.

आणि माझा बोर्ड डोलत होता. सारखा नव्हे. अकरा दिवसांच्या मोजमापात चार ठिकाणी आलेखाची रेघ हळूच वर चढायची, तास-दोन तास रेंगाळायची आणि कुणी हाक मारल्यासारखी खाली यायची. नेमक्या त्याच मंद चालीनं, जी चाल आम्हाला आकाशात ऐकायची होती. सरांना हे चार तुकडे नको होते.

गुरुवारी मी त्यांना सांगितलं, "मी काढणार नाही."

"मग मी दुसऱ्या कुणाला सांगतो."

"सांगा. पण मग त्या अहवालावर माझं नाव नको."

सर वाईट माणूस नव्हते. दोन वर्षांपूर्वी माझी शिष्यवृत्ती अडकली, तेव्हा ते स्वतः मंत्रालयापर्यंत जाऊन आले होते. पण या अहवालावर गटाला पुढचं काम मिळणार होतं आणि ते घाबरलेले होते. त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "तू दमली आहेस. महिनाभर घरी जा. प्रबंधाचं लिखाण कर."

घरी पाठवणं म्हणजे काय हे मला कळत होतं. पहिल्या वर्षी सेमिनारमध्ये बोलता बोलता "मले वाटते" असं तोंडून निघालं होतं आणि मागच्या रांगेत हशा पिकला होता. तेव्हाही कुणीतरी असंच मऊ आवाजात म्हणालं होतं, जरा सुट्टी घे. तेव्हा मी गेले नव्हते. या वेळी म्हटलं, जाते. पण रिकाम्या हातानं जाणार नाही.

"दोन सुटे बोर्ड आणि तो भंगारात काढलेला मीटर घेऊन जाऊ?"

मीटर जुना, जड, डिस्प्ले फुटलेला होता. मीच तो दुरुस्त केला होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि गेटपासवर सही केली.

मलकापूरला बाबा स्टेशनवर आले होते. आई मी बारावीत असताना गेली, तेव्हापासून घरात बाबा एकटेच. ते जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. लहानपणी डबा द्यायला मी कारखान्यात जायची, तेव्हा कोरड्या हिवाळ्यात रुईचे तंतू उडून बाबांच्या हातावरच्या केसांना चिकटलेले असायचे. झटकले तरी परत येऊन बसायचे. "हे काऊन चिकटते?" असं विचारल्यावर त्यांनी मला स्थिर वीज काय असते ते सांगितलं होतं, कंगवा आणि कागदाचे कपटे घेऊन, मोटारीच्या आवाजावर ओरडून. शाळेत तो धडा यायला अजून तीन वर्षं होती.

खोक्यातले बोर्ड त्यांनी चष्मा लावून पाहिले.

"हे खराब हाय म्हनते तुहा सर?"

"नाही. सर म्हणतात चांगला आहे. मी म्हणते खराब आहे."

बाबा हसले. "म्हंजे आपलाच माल आपनच खराब म्हनून राह्यली. मंग तर तू खरंच सांगत असशील."

घरात मांडणी केली. दोन्ही बोर्ड एका जाड ॲल्युमिनियमच्या पाटावर चार-चार स्क्रूंनी आवळलेले, पाट स्टीलच्या पिपात, पिपाला झाकण, आणि वीज बॅटरीची. दोन बोर्डांच्या व्होल्टमधला फरक तेवढा मीटरनं मोजायचा. दोन्ही गुणी असतील तर फरक जागचा हलणार नाही. ही युक्ती मला पुण्यात सुचली नव्हती, तिथं एकच मोठं महागडं यंत्र होतं आणि सगळे त्याच्यावर विश्वास ठेवून होते.

पहिल्या चार दिवसांत काहीच कळलं नाही. मार्च संपत आला होता. सकाळी पंखा नको वाटायचा आणि दुपारी पत्र्याखालच्या खोलीत हात लावला ती वस्तू तापलेली असायची. आलेखाची रेघ उन्हाबरोबर चढायची आणि उन्हाबरोबर उतरायची. शिवाय तिच्यावर एक बारीक गुणगुण होती. बाबांनी ठरवलं की अर्थिंग कच्चं आहे. अंगणात खड्डा खणून त्यांनी कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी पुरली, वर पाणी ओतलं. गुणगुण गेली. डोलणं राहिलं.

"आता अर्थिंग नाई," बाबा ओल्या हातांनी पिपाकडे बघत म्हणाले. "आता तुले थंड-गरम न होनारी जागा पायजे."

"तशी खोली पुण्यातही नाही, बाबा."

"धामनगावले हाय की. आत्याकडं पेव हाय."

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. गळ्याशी अरुंद, आत पोट मोठं, गावठाणातल्या पांढऱ्या मातीत दोन पुरुष खोल. वर ऊन असो की थंडी, तळाशी सगळं एकसारखं. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि मी पाच वर्षं एसीचे आकडे बदलत बसले होते.

धामणगाव बढ्यातलं आत्याचं घर आधी तिच्या सासरचं नव्हतं. एके काळी त्या घराच्या ओट्यापाशी आमच्या लोकांना उभं राहून धान्य घ्यावं लागायचं. वरून सुपात टाकत, हात लागू देत नसत. पुढं त्यांची पोरं मोठ्या शहरात गेली, घर विकायला निघालं आणि आत्याच्या सासऱ्यांनी, सरकारी नोकरीतून निवृत्त होताच, ते विकत घेतलं. गावात बरीच कुजबुज झाली. सासऱ्यांनी पहिल्याच दिवशी पेव उघडून स्वतः आत उतरून पाहिलं, असं आत्या सांगते.

मी कशासाठी आले ते ऐकून आत्यानं पहिला प्रश्न विचारला, "त्याच्यात काही जळन-बिळन तर नाई ना?"

"नाही. टॉर्चच्या सेलएवढीच वीज आहे."

"मंग ठेव. पन तू आत उतरायचं नाई. दोन दिस तोंड उघडं राहू दे. आतली हवा घातक असते."

दोन दिवसांनी तिनं दोरीला बांधून पेटता दिवा खाली सोडला. तो तळाशी पोचून जळत राहिला तेव्हा तिनं मान हलवली. पिपात मी बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाकल्या, झाकण घट्ट लावलं आणि बाबांनी आणि मी पीप दोरानं सावकाश खाली सोडलं. वायर वर आली, पडवीत मीटरला जोडली. पेवाच्या तोंडावर आत्यानं फरशी सरकवली आणि फटींना शेणमाती लावली, जशी ज्वारी भरल्यावर लावतात.

गावात लगेच पसरलं की पेवात धन आहे आणि पुण्याहून आणलेल्या यंत्रानं शोध चाललाय. जुन्या मालकांच्या भावकीतले एक गृहस्थ तर थेट ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, आमच्या आजोबांच्या वेळचं काही निघालं तर त्यात आमचा हक्क आहे.

आत्या ज्वारी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "हाव. निघू द्या. पन आधी मोजायले बसा तिच्यासंग. लिव्हायचं कोनं?"

गृहस्थांनी थोडा वेळ मीटरच्या आकड्यांकडे पाहिलं. शेवटचा आकडा तेवढा बदलत होता. कंटाळून ते उठले.

पेवाच्या तळाशी तापमान कसं होतं? माझ्या तापमापीचा आकडा सहा दिवसांत हलला नाही, इतकं सांगते. उन्हाचा चढ-उतार आलेखातून पुसला गेला. आणि तरी रेघ डोलली. पहिल्याच दिवशी दुपारी, मग परत तिसऱ्या दिवशी, मग चौथ्या. तीच चाल: हळूच वर, रेंगाळणं, खाली.

मी पडवीत उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "एसी नव्हता! एसी नव्हता!" आत्या धावत आली, तिला वाटलं मला काही चावलं.

त्या दिवशी मी दुप्पट जेवले. मी खोटी नव्हते. पुण्यात कुणी दार उघडलं नव्हतं. बोर्डच डोलत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना दुसरी गोष्ट लक्षात आली आणि चहा कडू लागला. तो बोर्ड माझा होता. त्याचा नकाशा मी काढला होता, त्याच्यावरचा प्रत्येक टाका मी घातला होता. मी सरांशी भांडून जे सिद्ध केलं होतं ते हे, की माझ्याच कामात खोट आहे. आता मला ती कुठं आहे ते सांगता आलं नाही, तर सर म्हणणार, बघ, मी म्हटलंच होतं, तुला जमलेलं नाही.

बाबांना फोन केला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मंग? तुहीच चूक हाय तर तूच काढ. दुसऱ्याची असती तर त्याले शोधत फिरा लागलं असतं."

बॅटरी बदलायला पीप वर घ्यावं लागायचं. दुसऱ्या वेळी मी पेवाच्या तोंडाशी बसूनच झाकण उघडलं, बोर्ड हलतो का ते बघायला एक स्क्रू ढिला केला, आणि तो बोटांतून निसटून खाली गेला. टिण्ण असा आवाजही आला नाही, मातीत पडला असणार. धामणगावात तसा बारीक स्क्रू कुठं मिळणार? मी वहीत लिहिलं: 'दोन नंबरच्या बोर्डाचा डावीकडचा वरचा स्क्रू पेवात पडला. तीन स्क्रूंवर चालू.' आणि पीप परत सोडलं. खरं तर ही नोंद मी रागात केली होती. स्वतःचं काही लपवायचं नाही, असा हट्ट होता माझा त्या दिवसांत.

पाच दिवसांनी आलेख जोडून पाहिला. रेघ डोलत होती, पण कमी. आधीच्या निम्म्याहून थोडी जास्त, एवढीच. असं का व्हावं? तापमान तेच, बॅटरी नवी, वायर तीच. मी वही पहिल्या पानापासून वाचत आले. बदललेलं एकच होतं. एक स्क्रू.

हे पटायला मला अर्धा दिवस लागला. बोर्डाच्या मधोमध एक चिप असते. बाकी सगळे व्होल्ट तिच्याकडे बघून ठरतात, तीच मापदंड. मी बोर्ड चारही कोपऱ्यांनी करकचून आवळला होता, कारण तो प्रक्षेपणाचे धक्के सोसणार होता. आवळताना तो किंचित वाकला होता, डोळ्याला न दिसेल इतका. त्या वाकण्याचा ताण चिपेपर्यंत जात होता. धातू आणि प्लास्टिक तो ताण हळूहळू सोडत होते, मधेच अडकत होते, परत सोडत होते. आणि चिपेचा मापदंडच तासातासानं सरकत होता.

पीप वर काढलं. दोन्ही बोर्डांवर एकेकच स्क्रू ठेवून बाकीचे काढले, खाली आत्याच्या जुन्या घोंगडीचे तुकडे. पाच दिवस. रेघ जवळजवळ सरळ आली.

पण यानात बोर्ड एका स्क्रूवर ठेवून चालणार नव्हता. तो आवळायलाच हवा होता, आणि ताण चिपेपर्यंत जायला नको होता. मी मलकापूरला परतले आणि सराफ्यातल्या एका सोनाराकडे गेले. बोर्डावर पेन्सिलनं चिपेभोवती तीन बाजूंनी रेघ मारली होती, घोड्याच्या नालासारखी.

"या रेघेवर कापायचंय. आरपार. केसाएवढी फट. उजवीकडच्या या तांब्याच्या तारा तुटता कामा नयेत."

सोनार म्हातारे होते. त्यांनी बोर्ड भिंगाखाली धरला. "हे कायचं हाय?"

मी त्यांना ठोकळ्याची गोष्ट सांगितली. तारे, लाटा, हात न लावता ढकलणं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "आन हे कापाले तुहा साहेब हो म्हनला?"

"नाही."

"मंग मोडलं तर?"

"तर माझं मोडलं."

त्यांनी दातेरी तारेची करवत काढली आणि कामाला लागले. दुकानात एक बाई बांगड्या बघायला आली, तिला त्यांनी हातानंच थांबवलं. चिप आता एका जिभेसारख्या पट्टीवर उरली होती. बोर्ड वाकला तरी ती जीभ वाकणार नव्हती. दोन्ही बोर्ड तसे करून घेतले. पैसे घ्यायला ते तयार नव्हते, मी जबरदस्तीनं दिले.

पडलेल्या स्क्रूच्या जागी मलकापुरातून नवा घेतला, धामणगावला परत येऊन चारही स्क्रू करकचून आवळले आणि बोर्ड पेवात परत सोडले. नऊ दिवस ठेवले. रेघ इतकी सरळ होती की मी मीटर बंद पडलाय का ते तीनदा तपासलं.

सगळं सरांना पाठवलं. डोलणारे आलेख, पडलेला स्क्रू, घोंगडी, सोनाराची करवत, काहीही न गाळता. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला.

"काम चांगलं आहे," सर म्हणाले. "पण अहवाल गेलाय. तुकडे काढूनच गेलाय. आता मागे घेणं अवघड आहे."

"मग दुसरा पाठवा."

"तुला समजत नाही. त्यांना काय सांगू, की पहिला चुकीचा होता?"

"हो सर. तसंच सांगा. तुम्ही नाही सांगितलं तर परदेशातल्या गटाबरोबरच्या पंधरवड्याच्या बैठकीत मी सांगेन."

"मला धमकी देतेस?"

"नाही सर, सांगून राह्यले."

निघून गेलं तोंडून. या वेळी मी ते दुरुस्त केलं नाही.

बैठकीच्या दिवशी मी मलकापूरच्या घरात लॅपटॉपसमोर बसले. आवाज नको म्हणून बाबांनी शेजारच्यांचं भांडी ठोकायचं काम थांबवून ठेवलं होतं. पडद्यावर परदेशातल्या गटाचे सात-आठ चेहरे आणि एका कोपऱ्यात सर. मी पहिला आलेख दाखवला, सगळ्यात जास्त डोलणारा. एक पांढऱ्या केसांच्या अभियंता बाई पुढं झुकल्या. त्यांनी विचारलं की तुमच्या अहवालात तर हे कुठंच नव्हतं.

मी तोंड उघडणार, त्याआधी सरांचा आवाज आला. "ते तुकडे मी काढायला सांगितले होते. तिनं नकार दिला होता. त्या वेळी मला वाटलं की मोजमाप चुकलंय."

एवढंच. त्यांचा चेहरा राखाडी झाला होता. मला त्यांच्याबद्दल खूप दिवसांनी आदर वाटला आणि रागही तितकाच राहिला. दोन्ही राहिले.

त्या बाईंनी पुढं फक्त बोर्डाबद्दल विचारलं. स्क्रू किती घट्ट होते, फट किती रुंद, कशानं कापली. मी सांगितलं, सोनाराच्या करवतीनं. त्यांनी ते लिहून घेतलं. नंतर कळलं की त्यांच्याकडच्या बोर्डालाही अशीच खोड होती आणि तेही वर्षभर एसीला दोष देत होते. नव्या नकाशात चिपेभोवती फट आली. आमच्या गटाला पुढचं काम मिळालं की नाही हा निर्णय मात्र वर्षभर लांबला, आणि त्या वर्षभरात संस्थेत दोन-तीन माणसं माझ्याशी बोलायची बंद झाली. मी त्यांच्याशी बोलत राहिले.

प्रबंध लिहायला बसले तेव्हा शेवटचं भांडण झालं. प्रकरण चारमध्ये मी लिहिलं होतं: मोजमापाची जागा, धान्याचं पेव, धामणगाव बढे, तालुका मोताळा, जिल्हा बुलढाणा. सरांनी त्यावर लाल रेघ मारून वर लिहिलं: 'तापमान-स्थिर भूमिगत सुविधा'.

मी त्यांच्या खोलीत गेले. "सर, ती सुविधा नाही. ते पेव आहे."

"अगं, परीक्षक काय म्हणतील? लोक हसतील. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय."

"हसू द्या. पण उद्या कुणाला हेच मोजमाप परत करायचं असेल तर त्याला काय शोधावं लागेल? सुविधा शोधली तर त्याला कुठंतरी मोठा खर्च करून एसी बसवलेली खोली सापडेल, आणि ती डोलेल. पेव शोधलं तर पेव सापडेल."

सरांनी प्रत माझ्याकडे सरकवली. मी लाल रेघ तशीच राहू दिली आणि छापताना माझंच वाक्य छापलं. त्यांनी सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक होते. त्यांनी प्रकरण चार उघडलं, भुवया उंचावल्या आणि विचारलं, "पेव म्हणजे नक्की काय?" मागं बसलेल्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. मी त्याचं हसणं संपेपर्यंत थांबले. मग फळ्यावर पेवाचं चित्र काढलं, गळा, पोट, तळ, आणि पांढरी माती उष्णता कशी अडवते त्याचं गणित मांडलं. परीक्षकांनी मधेच दोन प्रश्न विचारले, दोन्ही मातीबद्दल. बाबा मागच्या रांगेत नव्या शर्टात बसले होते. त्यांना इंग्रजी पुरतं कळत नव्हतं, पण फळ्यावरचं चित्र बघून ते शेजारच्या प्राध्यापकांना हळू आवाजात काहीतरी समजावत होते, आणि प्राध्यापक ऐकत होते.

पदवी मिळाली. मी त्याच गटात राहिले, सरांनीच विचारलं आणि मी हो म्हटलं. मोहीम अजून उडालेली नाही, उडेल तेव्हा माझे केस पांढरे झालेले असतील किंवा ती रद्दही झालेली असेल. सध्या टेबलावर नवीन बोर्ड आहे, ठोकळ्यावर साठणारा विद्युतभार मोजणारा. त्याची रेघ अधूनमधून एक उडी मारते. या वेळी कारण ताण नाही, स्क्रू नाही, तापमान नाही. मला अजून कळलेलं नाही. सर काल म्हणाले, उडी लहान आहे, मर्यादेच्या आत आहे, सोडून दे. मी उडीची तारीख आणि वेळ वहीत लिहिली आणि मोजमाप चालू ठेवलं.